नोड ० भरलेला, नोड १ मोकळा: नोडनिहाय मेमरीचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर चालणारा दोन सॉकेटचा सर्व्हर, प्रत्येक सॉकेटला १२८ जीबी मेमरी. एक सॉकेट आणि त्याला जोडलेली मेमरी म्हणजे एक नोड, आणि अशा रचनेला न्यूमा म्हणतात. 'फ्री' कमांड म्हणते सुमारे १५० जीबी उपलब्ध आहे. पण नोड ० ची मेमइन्फो फाइल उघडली की मेमयूज्ड १२३ जीबी आणि मेमफ्री जेमतेम २ जीबी दिसते. नोड १ वर मात्र ७० जीबी मोकळी. रात्री बॅकअप झाला की सकाळी डेटाबेस मंदावतो. यातला खरा आकडा कोणता, मॉनिटरिंगला काय लावायचं, आणि स्वतःच्या ड्रायव्हरने घेतलेली मेमरी नोडनिहाय कशी दाखवायची, असं विचारलं आहे.

दोन्ही आकडे खरे आहेत. गोंधळ होतो तो मेमयूज्ड या नावामुळे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नोडवरची वापरलेली मेमरी कुठेही मोजत नाही. नोडच्या ताब्यातली एकूण पेजेस (मेमरीचे ठरावीक, सहसा ४ केबीचे तुकडे) घेतो, मोकळी पेजेस वजा करतो आणि उरलेला आकडा मेमयूज्ड म्हणून छापतो. म्हणजे ही मोजणी नाही, वजाबाकी आहे. फाइल कॅश (वाचलेल्या फाइल्सची मेमरीत ठेवलेली प्रत), डेटाबेसची हीप (त्याने स्वतःसाठी घेतलेली मेमरी), ह्यूज पेजेस (मोठ्या आकाराची पेजेस), ड्रायव्हरचे बफर, सगळं त्या एका ओळीत एकत्र येतं. चालत्या सर्व्हरवर कर्नल मोकळी मेमरी कॅशसाठी वापरतोच, त्यामुळे हा आकडा एकूण मेमरीच्या जवळ पोहोचणं ही निरोगी अवस्था आहे. मेमयूज्डवर ९० टक्क्यांचा अलार्म लावलेला असेल तर तो आजच काढा.

'फ्री' कमांड दाखवते ती उपलब्ध मेमरी, म्हणजे मेमॲव्हेलेबल, कर्नलमध्ये २०१४ साली ३.१४ आवृत्तीत आली. मोकळी पेजेस, सहज सोडता येणारी फाइल कॅश आणि स्लॅबचा, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या छोट्या नोंदींसाठीच्या मेमरीचा, सोडता येणारा भाग यांवरून काढलेला तो अंदाज आहे. पण तो संपूर्ण मशीनचा. नोडच्या मेमइन्फोत ही ओळ नाही. इथेच बहुतेक लोक अडकतात, कारण मशीनसाठी अंदाज आणि नोडसाठी वजाबाकी अशी तुलना सुरू होते.

म्हणून नोड ० चे १२३ जीबी आधी फोडून पाहू. समजा त्याच फाइलमध्ये फाइलपेजेस ७१ जीबी आहे, त्यात शेअर्ड मेमरीची ओळ शमेम ९ जीबी. ॲननपेजेस, म्हणजे कुठल्याही फाइलशी न जोडलेली प्रोसेसांची मेमरी, २२ जीबी. स्लॅब ६ जीबी, पैकी एसरीक्लेमेबल (सोडता येणारा) ४ आणि एसअनरीक्लेम (न सोडता येणारा) २. पेज टेबल्स आणि कर्नल स्टॅक मिळून १ जीबी. ह्यूजपेजेस_टोटल ८१९२, म्हणजे २ एमबीच्या हिशेबाने १६ जीबी. बेरीज ११६ जीबी होते. ७ जीबीचा पत्ता लागत नाही, त्याच्याकडे पुढे येतो.

इथे दोन सापळे आहेत. पहिला असा की फाइलपेजेस म्हणजे फक्त फाइलची कॅश नव्हे. टीएमपीएफएस (मेमरीतच राहणारी फाइल सिस्टिम) आणि शेअर्ड मेमरीची पेजेसही त्यात धरलेली असतात, आणि ती स्वॅपशिवाय सोडता येत नाहीत. म्हणून ७१ तून ९ वजा करायचे. त्याहून सरळ मार्ग म्हणजे ॲक्टिव्ह(फाइल) आणि इनॲक्टिव्ह(फाइल) या दोन ओळींची बेरीज घ्या. शमेमची पेजेस ॲनन यादीवर ठेवली जातात, त्यामुळे या बेरजेत ती आपोआप वगळली जातात. याच कारणाने ॲक्टिव्ह(ॲनन) अधिक इनॲक्टिव्ह(ॲनन) ही बेरीज ॲननपेजेसशी जुळत नाही. ती चूक नाही, दोन्ही ओळींच्या व्याख्याच वेगळ्या आहेत.

दुसरा सापळा ह्यूज पेजेसचा. आधी राखून ठेवलेली ह्यूज पेजेस ना ॲननपेजेसमध्ये धरली जातात ना फाइलपेजेसमध्ये, आणि कोणी वापरत नसलं तरी ती मेमयूज्डमध्ये असतातच. शिवाय मेमइन्फोतल्या या ओळी फक्त डीफॉल्ट आकाराच्या पेजेसबद्दल बोलतात. १ जीबीची पेजेसही राखली असतील तर ती तिथे दिसणारच नाहीत. त्यासाठी नोडच्या डिरेक्टरीतल्या ह्यूजपेजेस या उपडिरेक्टरीत जाऊन प्रत्येक आकाराची संख्या वेगळी वाचावी लागते. हरवलेल्या ७ जीबीपैकी ४ जीबी तिथेच सापडण्याची शक्यता चांगली आहे.

बाकीचे ३ जीबी बहुधा ड्रायव्हरचे. पेज ॲलोकेटरकडून, म्हणजे पेजेस वाटणाऱ्या कर्नलच्या भागाकडून, कर्नलमधल्या एखाद्या घटकाने थेट पेजेस घेतली आणि कुठल्याच काउंटरला कळवलं नाही, तर ती फक्त वजाबाकीत दिसतात. नेटवर्क कार्डाची रिंग बफर्स, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि व्हर्च्युअल मशीनमधला बलून (त्या मशीनकडून मेमरी परत घेणारा ड्रायव्हर) हे नेहमीचे धनी. व्हीमॅलॉकने (कर्नलची मेमरी घेण्याची आणखी एक पद्धत) घेतलेली मेमरीही नोडच्या मेमइन्फोत दिसत नाही. प्रत्येक सीपीयूच्या छोट्या यादीवर राखून ठेवलेली मोकळी पेजेससुद्धा मेमफ्रीत धरत नाहीत, पण ती रक्कम सहसा लहान असते आणि झोनइन्फो या कर्नलच्या आकडेवारीच्या फाइलीत पेजसेट्सखाली वाचता येते. २०२४ मध्ये ६.१० कर्नलबरोबर ॲलोकेशन प्रोफायलिंग आलं. ते चालू ठेवून बांधलेला कर्नल असेल तर प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती फाइल्सच्या रूपात देतो ती डिरेक्टरी) ॲलॉकइन्फो फाइल कोडच्या कुठल्या ओळीने किती मेमरी धरली आहे ते सांगते. ती यादी नोडनिहाय नसते, पण संशयित नक्की करायला पुरते.

मेमटोटल १२८ ऐवजी १२५ का, हाही प्रश्न लोक विचारतात. प्रत्येक ४ केबी पेजमागे कर्नल साधारण ६४ बाइटची नोंद ठेवतो. १२८ जीबीला या नोंदींचेच २ जीबी होतात. ते बूटच्या वेळीच बाजूला काढले जातात आणि मेमटोटलमध्ये येत नाहीत. उरलेला फरक कर्नल इमेज, फर्मवेअर आणि इतर राखीव भागांचा.

आता मंदपणाकडे. नोड ० वरची फाइल कॅश ६२ जीबी, सोडता येणारा स्लॅब ४ आणि मोकळी २, असे ६८ जीबी तिथेही 'उपलब्ध' आहेत. मग डेटाबेसला त्रास का व्हावा? उत्तर ॲलोकेटरच्या क्रमात आहे. बॅकअप प्रोसेस नोड ० च्या सीपीयूवर चालली, तिने वाचलेल्या फाइल्सची पेजेस डीफॉल्ट धोरणाप्रमाणे त्याच नोडवर आली आणि नोड ० भरला. सकाळी डेटाबेसचा थ्रेड नोड ० वर नवं पेज मागतो. ॲलोकेटर आधी नोड ० चे झोन, म्हणजे त्याच्या मेमरीचे विभाग, पाहतो. मोकळी पेजेस लो वॉटरमार्कखाली (मोकळी पेजेस कमी पडू लागल्याची ठरलेली खूण) गेलेली असतात, म्हणून तो यादीत पुढे सरकतो, आणि नोड १ वर भरपूर जागा असल्यामुळे तिथूनच पेज देतो. जलद मार्गावरच काम झालं, त्यामुळे नोड ० चा केस्वॅपडी (पार्श्वभूमीवर पेजेस मोकळी करणारा कर्नलचा थ्रेड) सहसा जागाही होत नाही. कोणी पुन्हा न वाचणारी बॅकअपची कॅश नोड ० वर तशीच पडून राहते आणि डेटाबेसची ताजी हीप दुसऱ्या सॉकेटवर जाते. रीक्लेम (वापरातली पेजेस मोकळी करणं) नाही, स्वॅप नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. फक्त प्रत्येक ॲक्सेस सॉकेटमधल्या जोडणीवरून जातो.

डेटाबेस सक्तीने नोड ० ला बांधला असेल तर चित्र उलटं होतं. तेव्हा नोड १ यादीतच नसतो. केस्वॅपडी जागा होतो, तो पुरा पडला नाही तर मागणारा थ्रेड स्वतः रीक्लेम करत बसतो, आणि सोडण्यासारखं काही उरलं नाही तर नोड १ वर ७० जीबी मोकळी असतानाही ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) चालतो. ओओएमच्या मजकुरात कन्स्ट्रेंट या शब्दापुढे मेमरी पॉलिसी किंवा सीपीयूसेट आलं असेल तर हाच प्रकार समजा.

या दोन अवस्था वेगळ्या ओळखायला मेमइन्फो उपयोगाची नाही, कारण ती साठा सांगते, प्रवाह नाही. प्रवाहासाठी त्याच डिरेक्टरीतली न्यूमास्टॅट फाइल आहे. तिच्यातले काउंटर बूटपासून वाढतच जातात, म्हणून एकदा वाचून अर्थ लागत नाही. दोन वाचनांतला फरक घ्यायचा. नोड ० हवा होता पण पेज नोड १ वर मिळालं, तर नोड १ चा न्यूमा_मिस वाढतो आणि नोड ० चा न्यूमा_फॉरेन वाढतो. तुमच्या सर्व्हरवर सकाळी नोड ० चा न्यूमा_फॉरेन झपाट्याने चढत असेल तर वर सांगितलेली पहिली अवस्था आहे. तो स्थिर असेल आणि केस्वॅपडी० सीपीयू खात असेल, तर दुसरी. प्रत्येक नोडला स्वतःचा केस्वॅपडी थ्रेड असतो. त्याने खाल्लेला सीपीयू वेळ हे मला नोडवरच्या दबावाचं सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं चिन्ह वाटतं, आणि फार थोडे लोक ते नोंदवतात.

न्यूमा_हिट चांगला म्हणजे मेमरी जवळची, असं मात्र समजू नका. हिट म्हणजे धोरणाने मागितलेल्या नोडवर पेज मिळालं, एवढंच. एखादी प्रोसेस नोड ० च्या सीपीयूवर चालते पण तिची मेमरी नोड १ ला बांधली आहे, तर तिचं प्रत्येक ॲलोकेशन नोड १ च्या न्यूमा_हिटमध्ये मोजलं जाईल, आणि प्रत्येक ॲक्सेस दूरचा असेल. ही गोष्ट अदर_नोड हा काउंटर पकडतो, कारण मागणारा सीपीयू कुठे होता हे तोच पाहतो. जवळिकीचा प्रश्न असेल तर लोकल_नोड आणि अदर_नोड वाचा. धोरण पाळलं गेलं का हा प्रश्न असेल तर हिट आणि मिस.

यातला एकही काउंटर ॲलोकेशननंतर काय झालं ते सांगत नाही. पेज नोड ० वर मिळालं आणि तासाभराने शेड्युलरने थ्रेड नोड १ वर हलवला, तर न्यूमास्टॅट शांतच राहील. तेव्हा प्रॉकमधल्या व्हीएमस्टॅट फाइलीतले न्यूमा_हिंट_फॉल्ट्स आणि न्यूमा_हिंट_फॉल्ट्स_लोकल पाहावेत, अर्थात स्वयंचलित न्यूमा बॅलन्सिंग (कर्नलने थ्रेड आणि त्याची पेजेस आपोआप एका नोडवर आणणं) चालू असेल तरच. आणि सगळे न्यूमा काउंटर शून्य दिसत असतील तर व्हीएम.न्यूमा_स्टॅट हे सेटिंग तपासा. ४.१५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, हे काउंटर बंद करता येतात, आणि काही ठिकाणी वेगासाठी ते मुद्दाम बंद ठेवलेले असतात.

वेगासाठी काउंटर बंद करण्याची वेळ का यावी, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण नोडनिहाय आकडे थोडे सैल का असतात याचं उत्तरही तिथेच आहे. पेज देणं आणि परत घेणं हा कर्नलमधला सर्वांत गरम मार्गांपैकी एक. प्रत्येक वेळी नोडच्या एकाच सामायिक काउंटरला सगळ्या सीपीयूंनी हात लावला, तर तो काउंटर धरणारी कॅश लाइन सॉकेटमधून सॉकेटमध्ये उड्या मारत राहील आणि मोजणीचा खर्च ॲलोकेशनपेक्षा जास्त होईल. म्हणून २००६ मध्ये ख्रिस्तोफ लॅमेटर यांनी २.६.१८ साठी झोननिहाय काउंटरची जी रचना आणली, तिच्यात प्रत्येक सीपीयू आपला फरक स्वतःजवळ ८ बिटांच्या छोट्या आकड्यात साठवतो. फरक ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेला की तो मुख्य काउंटरमध्ये मिसळतो. उंबरठा सीपीयूंची संख्या आणि मेमरी पाहून ठरतो आणि १२५ च्या पुढे जात नाही. जो सीपीयू उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही त्याचा फरक मागाहून एक पार्श्वभूमीचं काम गोळा करतं, डीफॉल्टने साधारण सेकंदाला एकदा.

याचा हिशेब करून पाहा. ६४ सीपीयू, प्रत्येकाकडे जास्तीत जास्त १२५ पेजेसचा न मिसळलेला फरक, ४ केबीचं पेज. एका काउंटरमध्ये सुमारे ३१ एमबीपर्यंत तफावत राहू शकते. २५६ सीपीयू असतील तर १२५ एमबी. १२८ जीबीच्या नोडवर हे नगण्य आहे, पण डर्टी (डिस्कवर लिहायची बाकी पेजेस) किंवा राइटबॅक (लिहिली जात असलेली पेजेस) यांसारख्या लहान आकड्यांबाबत ते मनात ठेवावं लागतं. वाचताना बेरीज ऋण आली तर कर्नल ती शून्य दाखवतो, म्हणून शून्य दिसलं की खरोखर काहीच नाही असं मानू नका. मेमइन्फोच्या ओळीही एका क्षणाचं छायाचित्र नसतात, एकामागून एक वाचल्या जातात. बेरीज काही एमबींनी चुकली म्हणून बग नोंदवू नका. काही जीबींनी चुकली तर शोध घ्या. चाचणी करताना ताजे आकडे हवेच असतील तर प्रॉकमधल्या व्हीएम सेटिंगांत स्टॅट_रीफ्रेश आहे. ती फाइल रूटने वाचली किंवा तिच्यात लिहिलं की सगळ्या सीपीयूंचे फरक लगेच मिसळले जातात. तिला मॉनिटरिंगच्या चक्रात मात्र घालू नका, कारण ती प्रत्येक सीपीयूला कामाला लावते.

जुन्या स्क्रिप्ट चालवणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. २०१६ च्या ४.८ कर्नलमध्ये मेल गॉर्मन यांच्या बदलांनी रीक्लेमच्या याद्या झोनवरून नोडवर आल्या आणि त्यांचे काउंटरही. तेव्हापासून झोनइन्फोत नोडचे आकडे त्या नोडच्या पहिल्या भरलेल्या झोनखाली एकदाच छापले जातात. ते त्या झोनचे आहेत असं धरणारी जुनी स्क्रिप्ट चुकीचं उत्तर देते.

मॉनिटरिंगला मी हे लावतो. प्रत्येक नोडसाठी मेमफ्री, दोन्ही फाइल याद्यांची बेरीज आणि केरीक्लेमेबल (सोडता येणारा स्लॅब आणि कर्नलची इतर सोडता येणारी मेमरी). या तिघांची बेरीज, वजा झोनइन्फोतल्या लो वॉटरमार्कची पेजेस, हा नोडपुरता उपलब्धतेचा कामचलाऊ अंदाज. तो थोडा आशावादी आहे, कारण सक्रिय कॅश फुकटात सुटत नाही, पण कल पाहायला पुरतो. सोबत एसअनरीक्लेम, कारण तो आठवडे हळूहळू चढत असेल तर गळती आहे. मग न्यूमा_फॉरेन आणि अदर_नोड यांचा दर, आणि प्रत्येक केस्वॅपडीचा सीपीयू वेळ. शेवटी 'हिशेबाबाहेरची' मेमरी, म्हणजे मेमयूज्डमधून सगळे ज्ञात भाग वजा करून उरलेली. मेमयूज्डचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

एककांकडे लक्ष द्या. नोडची मेमइन्फो केबीमध्ये, नोडची व्हीएमस्टॅट पेजेसमध्ये आणि सीग्रुप (प्रोसेसांचे गट करून त्यांना मर्यादा घालण्याची सोय) आवृत्ती २ ची न्यूमा_स्टॅट बाइटमध्ये बोलते. नोडचे क्रमांक ० पासून सलग असतात असंही धरू नका. सिसएफएसमधली (नोडच्या डिरेक्टरी जिथे असतात ती कर्नलची फाइल सिस्टिम) हॅज_मेमरी फाइल वाचून यादी बनवा. सीएक्सएलने (प्रोसेसरला जादा मेमरी जोडण्याचं मानक) जोडलेली मेमरी बिनसीपीयूचा नोड म्हणून दिसते. तिथे लोकल_नोड कधीच वाढणार नाही, आणि तो नोड थंड पेजेसनी भरलेला असणं हेच त्याचं काम आहे. त्याला इतर नोडचे अलार्म लावू नका.

साठा कोणाचा, हा वेगळा प्रश्न. नोडच्या फाइल्स कुठे किती ते सांगतात, कोणामुळे ते नाही. सीग्रुप आवृत्ती २ मध्ये ५.१० कर्नलपासून मेमरी.न्यूमा_स्टॅट ही फाइल आहे. ती प्रत्येक गटाची ॲनन आणि फाइल मेमरी नोडनिहाय देते. बॅकअपचा गट वेगळा ठेवला असेल तर नोड ० वरची कॅश कोणाची हे तिथे एका ओळीत कळतं. एकाच प्रोसेसमध्ये खोल जायचं तर न्यूमा_मॅप्स आहे, पण ती फाइल वाचताना कर्नल प्रोसेसची सगळी पेज टेबल्स चालून जातो. शेकडो जीबीच्या डेटाबेसवर ती दर मिनिटाला वाचणं म्हणजे आजार शोधताना रोग्याला दमवणं. शिवाय सामायिक पेज तिथे ते मॅप करणाऱ्या प्रत्येक प्रोसेसमध्ये दिसतं, म्हणून प्रोसेसांची बेरीज करून नोडचा आकडा काढता येत नाही.

तुमच्या सर्व्हरवर मी आधी बॅकअपची व्यवस्था बदलेन. बॅकअप वेगळ्या सीग्रुपमध्ये मेमरीची मर्यादा घालून चालवा. साधन देत असेल तर वाचून झालेली कॅश सोडण्याचा फॅडव्हाइज इशारा चालू करा, नाहीतर बॅकअपला इंटरलीव्ह धोरण द्या, म्हणजे कॅश दोन्ही नोडांवर वाटली जाईल. झोन_रीक्लेम_मोड चालू करण्याचा सल्ला जुन्या लेखांत मिळेल. त्याने नोड ० वर जागा होईल खरी, पण प्रत्येक ॲलोकेशन आधी आपल्याच नोडवर रीक्लेम करू पाहील आणि डेटाबेसला हवी असलेली कॅशही जाईल. याच त्रासामुळे २०१४ च्या ३.१६ मध्ये ते डीफॉल्टने बंद करण्यात आलं.

ड्रायव्हरबद्दल. नोडच्या मेमइन्फोत स्वतःची ओळ घालायला जाऊ नका. ती फाइल सिसएफएसच्या 'एका फाइलमध्ये एक मूल्य' या शिस्तीला आधीच अपवाद आहे आणि कितीतरी साधनं तिच्यावर अवलंबून आहेत. नोडनिहाय काउंटर ड्रायव्हरमध्ये ठेवा आणि डीबगएफएसमधून (कर्नलची डीबगिंगसाठीची फाइल सिस्टिम) दाखवा. मोजताना मागितलेला नोड धरू नका. पेज हातात आल्यावर ते खरोखर कुठलं आहे हे पेज_टू_एनआयडीने विचारा आणि सोडतानाही त्याच पेजवरून नोड काढा. सक्तीचा फ्लॅग दिलेला नसेल तर ॲलोकेटर दुसऱ्या नोडवरून पेज देऊ शकतो, आणि मग मागणीप्रमाणे केलेला हिशेब नेमका मेमरी कमी पडते तेव्हाच चुकतो. तुमची पेजेस श्रिंकरमार्फत, म्हणजे कर्नलने मागितल्यावर मेमरी सोडणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमार्फत, परत देता येत असतील तर कर्नलच्या 'इतर सोडता येणारी मेमरी' या नोड काउंटरमध्ये, म्हणजे एनआर_कर्नल_मिस्क_रीक्लेमेबलमध्ये, ती नोंदवा. मग ती त्या नोडच्या केरीक्लेमेबल ओळीत दिसतात आणि मेमॲव्हेलेबलच्या अंदाजातही धरली जातात. श्रिंकर नसेल तर या काउंटरला हात लावू नका, नाहीतर जी मेमरी कोणालाच परत मिळणार नाही ती मशीनभर उपलब्ध म्हणून दिसत राहील.